व्हायरसनं न खाल्लेल्या फायली

दुसऱ्याचं लिखाण वाचून तुमच्या कधी पोटात दुखलंय? खरं सांगा. ‘छान लिहिलंय हं’ असं तोंडानं म्हणताना आतून वाटलंय का, की हे पान फाटावं, भिजावं, हरवावं?

माझ्या दुखलंय. आणि ते पान मी हरवलं. चार वर्षं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात एका माणसाला सांगितलं. तुम्ही दुसरे. माझे बाबासुद्धा हे तुमच्याबरोबरच वाचतील.

आधी मी कोण ते सांगते. की ते सांगून मी मुद्दा लांबवतेय? असेल. तरी सांगते.

उरणजवळच्या आमच्या गावात बाबांचं छोटंसं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि गावाच्या समितीची पत्रकं. जमिनी गेल्या त्याची पत्रकं, खाडीत भराव टाकला त्याची पत्रकं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं, म्हणजे बघा. प्रत्येक पत्रकाच्या तळाला ते एकच ओळ टाकतात – ‘वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.’ कॉलेजात गेल्यापासून पत्रकं मीच लिहायला लागले. जागे व्हा. जाब विचारा. एका वाक्याला दोन-दोन उद्गारचिन्हं. ‘माहिती दडवणारा हा चोरापेक्षा वाईट’ – हे वाक्य माझं आहे. चौकातल्या फलकावर ते कितीतरी दिवस होतं. मी येता-जाता वाचायचे.

दर्शना माझी मैत्रीण. तिची आय, हिराबाय, आयुष्यभर मिठागरात राबलेली. दर्शनाला टायपिंग मीच शिकवलं, आमच्या दुकानात. बाबा जुन्या मराठी फॉन्टवर काम करतात, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल, तोच मी तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. हे लक्षात ठेवा. सगळं त्या फॉन्टवरच आहे.

असे फॉन्ट ज्यांनी वापरले त्यांना ठाऊक आहे – फॉन्ट मशीनवर असला तर मराठी दिसतं. नसला तर तीच फाइल उघडल्यावर नुसता कचरा दिसतो. इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं. आत काहीही बिघडलेलं नसतं. फॉन्ट टाकला की दोन मिनिटांत सगळं जागेवर येतं. दर्शनाला हे ठाऊक नव्हतं. तिनं एकाच मशीनवर लिहिलं, आणि त्या मशीनवर फॉन्ट कायम होता. तिला कोण सांगणार? मीच ना?

मिठागरं बुजवण्याविरुद्ध समितीची पुस्तिका काढायचं ठरलं. पहिला लेख माझाच असणार, हे मी गृहीत धरलेलं. एका बैठकीत दर्शना एक पान वाचून दाखवते म्हणाली. आयला विचारून विचारून लिहिलेलं. पान संपलं आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मनात म्हटलं, पडलं हे. घरी येताना बाबा म्हणाले, “क्रांती, तुझं वाचून लोक माना डोलावतात. हिचं वाचून माणूस घरी जाईल नि आपल्या आयजवळ बसेल. पुस्तिकेत हिचं पुढं घेऊ.”

बाबांनी मला असं कधी म्हटलं होतं का? एकदा तरी? मी रस्ताभर आठवत होते.

आठवड्याभरात दर्शना दुकानात आली. कॉम्प्युटरचा डबा ओढणीत गुंडाळून, रिक्षातून.

“क्रांतीबाय, मशीन मेली गो. चालूच होत नाय. व्हायरस हाय बोलतात.”

“काय आहे आत?”

“आयचा सगला. चाळीस-पंचेचाळीस पानां झालीत. दुसरी कॉपी नाय ठेवली मी. बैठकीतला कागदपन फेकला. पुरा झाल्यावर देनार होती ना तुला.” मग हसली. “तू हायस म्हनून मना टेन्शन नाय.”

काम अवघड नव्हतं. पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू केली, तिच्या डिस्कवर काही न चालवता नुसत्या फायली त्याच पेन ड्राइव्हवर काढल्या, दोनदा तपासल्या. सगळं आलं. भावाच्या हळदीचे फोटो, तिचे दाखले, आणि ‘आय’ नावाचा फोल्डर. त्यात तेवीस फायली.

दुपारी बाबा जेवायला घरी गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि दुकानाच्या मशीनवर त्या उघडल्या. तिथं फॉन्ट होताच. सगळं स्वच्छ मराठीत.

कशाला उघडल्या? फायली नीट आल्यात का ते बघायला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. एक उघडून ते कळलं असतं. मी तेवीसच्या तेवीस वाचल्या.

काय सांगू तुम्हाला? भरतीला बांधातल्या उघाडीचं दार वर घेऊन खाडीचं पाणी आत सोडायचं, तेव्हा हिराबाय त्या पाण्याशी बोलायची. ये बाय, रुसू नको, सावकाश ये. पाण्यावर गुलाबी झाक आली की मीठ जवळ आलं, हे ती डोळ्यांनी नाही, पावलांनी ओळखायची – पाणी पायाला जड लागतं म्हणे. मीठ ओढताना बोटांच्या बेचक्यांत चिरा पडायच्या, त्यावर ती खोबरेल लावायची आणि पोरांना त्या हातानं भरवायची, म्हणून तिच्या पोरांना लहानपणी सगळ्या भाताला खोबरेलाचा वास यायचा. कुठंही उद्गारचिन्ह नाही. कुणाला जागं व्हा म्हटलेलं नाही. आणि मी – जी रोज गावाला जागं करत होते – मला पहिल्यांदा कळलं की मिठागर म्हणजे काय. मी त्याच गावची. दहा मिनिटांवर मिठागर. मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मला रडू आलं. ते चांगलं रडू नव्हतं. हे मी का नाही लिहिलं, याचं ते रडू होतं.

एका फाइलच्या शेवटी हिराबायचं वाक्य होतं, जसंच्या तसं: ‘मिठाला पानी लागतं, पान्याला वाट लागते. वाट तुमी बुजवली. आता मीठ कुनाकडं मागाचं?’

ते वाक्य मी चार-पाचदा वाचलं. मग पेन ड्राइव्ह खिशात टाकला.

दर्शनाचं मशीन पुसून, सगळं नव्यानं टाकून तयार केलं. फायली परत ठेवल्या. फॉन्ट तेवढा टाकायचा राहिला होता. मुद्दाम ठेवला का? नाही, एवढं खरं सांगते, मुद्दाम नाही. ती लवकर आली. आल्या आल्या खुर्ची ओढून ‘आय’ फोल्डर उघडला. पहिली फाइल. पडदाभर कचरा.

“ह्या काय गो?”

फॉन्ट टाकायचा राहिलाय, थांब. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात होते. तिचा चेहरा माझ्याकडे वळला आणि मी म्हणाले, “व्हायरसनं खाल्लं.”

दुसरी फाइल उघडली. तिसरी. तेवीसच्या तेवीस उघडून बघितल्या तिनं. मी शेजारी बसून होते. प्रत्येक फायलीला खरं बोलायची संधी होती, म्हणजे तेवीस संधी. मी प्रत्येक वेळी ‘च्च’ केलं.

“राहू दे तशाच,” ती म्हणाली. “कुनी केला दुरुस्त पुढंमागं तर.”

“नको गं. त्यांच्यातच व्हायरस असेल. परत मशीन बसेल.” आणि तिच्यासमोर मी तो फोल्डर पुसला. वर तिला नवा मोबाइलवरही चालणारा फॉन्ट टाकून दिला, म्हटलं आता हाच वापर, सोपा आहे. म्हणजे जुना पुन्हा कधी तिच्या मशीनवर यायला नको. इतकं नीट सुचलं मला. पत्रकं लिहिताना इतकं नीट कधी सुचलं नाही.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच. एवढंच नाही.

पुस्तिका निघाली. निळं मुखपृष्ठ. पहिला लेख माझा. आणि पान तीनवर, ठळक टायपात, ते वाक्य – मिठाला पानी लागतं. खाली माझं नाव. भाषणांत ते वाक्य आलं, मोर्च्याच्या फलकावर आलं. मुरुडहून आलेल्या एका बाईनं माझा हात धरून म्हटलं, पोरी, कुठून सुचतं गं तुला? मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पुस्तिका घेऊन दर्शना दुकानात आली. मी घाबरले. “ह्या आयचा वाक्य तुला कसा ठाऊक?” तिनं विचारलं. मी म्हटलं, एकदा तुझ्याकडे आले होते तेव्हा बोलल्या होत्या त्या. मग तिचे डोळे भरून आले आणि ती काय म्हणाली माहितीये? “थँक्यू गो. तेवढा तरी वाचला.”

मारलं असतं तिनं तर बरं झालं असतं.

तिनं परत लिहायचा प्रयत्न केला. वही घेऊन आयजवळ बसली. हिराबाय थकली होती, दमा होता. म्हणायची, “मेला एकदा सांगला ना बाय. आता परत कवरा सांगू?” गेल्या वर्षी हिराबाय गेली. मी अंत्ययात्रेला होते. पेन ड्राइव्ह माझ्या कपाटात होता, जुन्या पत्रकांच्या खाली. तेव्हा द्यायचा होता ना? मी श्रद्धांजलीचं पत्रक लिहून दिलं. बाबा म्हणाले, या वेळी छान लिहिलंस.

दर्शनाला म्हसळ्याला पतसंस्थेत नोकरी लागली. ती तिकडे खोली घेऊन राहते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. वर्षश्राद्धाला लावायला मोर्च्यातला आयचा एखादा फोटो बाबांकडे आहे का, म्हणून. बोलता बोलता म्हणाली, “आयचा आवाज आठवत नाय गो मना आता. खोकला आठवतो नुसता.”

फोटो सापडला नाही. मी पेन ड्राइव्ह काढला आणि एसटीत बसले.

तिच्या लॅपटॉपवर मी आधी फायली टाकल्या. तोच कचरा. तिनं तो ओळखला. मग मी फॉन्ट टाकला. घड्याळ बघितलं नाही, पण दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पडद्यावर तिची आय बोलायला लागली – ये बाय, रुसू नको, सावकाश ये.

दर्शनानं ते पान वाचलं. ओठ हलवत, आयच्या चालीत. पुढचं वाचलं. मी उभीच होते. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

“त्या दिवशीच ठाऊक होता तुला?”

“हो.”

“आय गेली तवा?”

“हो.”

“का गो?”

“तू माझ्यापेक्षा चांगलं लिहितेस म्हणून.”

ती खाली फाइल सरकवत गेली, त्या वाक्यापाशी थांबली. “मी तुला थँक्यू बोल्ली होती,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पेन ड्राइव्ह ठेव. आन् जा तू.”

चहा विचारला नाही. आमच्याकडे दाराशी आलेल्या परक्यालाही विचारतात.

हे लिहिण्याआधी मी तिला निरोप पाठवला, नावं घालू का म्हणून. तीन दिवसांनी उत्तर आलं – ‘आयचा घाल. माझापन घाल. तुझा काय तो तू बघ.’

मी लहान होते, वेडी होते, असं काही मी म्हणणार नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी गावाला चोर ओळखायला शिकवत होते आणि खिशात पेन ड्राइव्ह घेऊन फिरत होते. दर्शनाचं आजही वाचलं तर आजही माझ्या पोटात दुखतं. तेही गेलेलं नाही.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण ती निळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका तुमच्या घरात असेल – फळीवर, पिशवीत, कपाटातल्या कागदाखाली – तर ती काढा. पान तीन उघडा. ठळक वाक्याखालचं माझं नाव खोडा. पेनानं खोडा, पेन्सिलीनं नको. आणि तिथं लिहा: बोलली हिराबाय, लिहिलं दर्शनानं.

मग ती पुस्तिका पुढच्याला द्या.