चेंडू भिंतीकडे वळेना

डोंबिवलीत मी उभं आयुष्य भूमिती शिकवली, पण गोल्फची काठी कधी जवळून पाहिली नव्हती. मुलाने ठाण्यात बाळकुमला फ्लॅट घेतला तेव्हा तिथे पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, कृत्रिम गवताचं एक पटिंग ग्रीन होतं, म्हणजे गोल्फचा चेंडू काठीने हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा सराव करायची जागा. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो स्वयंपाकघराच्या फोटोपेक्षा मोठा होता. त्या ग्रीनच्या बरोबर खाली, पार्किंगच्या एका भागाला भिंती घालून, सोसायटीने पाळणाघर काढलं होतं. माझी तीन वर्षांची नात दिवसभर तिथेच असायची. तिला न्यायला मी मुद्दाम लवकर निघायचे आणि वर बाकावर बसून लोकांचं पटिंग बघायचे.

अकराव्या मजल्यावरचा एक चाळिशीतला गृहस्थ पूर्वी व्यावसायिक गोल्फर होता. पाठीने दगा दिला म्हणून स्पर्धा सोडल्या आणि शिकवायला लागला. बाकीचे सगळे हौशी, त्यात आमचे चेअरमन सगळ्यात हौशी. माझी समजूत अशी की व्यावसायिक खेळाडूचा चेंडू प्रत्येक वेळी होलमध्येच जाणार. छे! आठ-दहा फुटांवरून त्याचेही पुष्कळ हुकायचे. पण हुकायची तऱ्हा वेगळी. ग्रीनला पोडियमच्या कडेच्या भिंतीकडे किंचित उतार दिलेला होता, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. हौशी लोक थेट होलवर नेम धरत, आणि चेंडू होलपर्यंत पोचायच्या आधीच उताराला लागून खाली घसरे. हा मात्र नेम उताराच्या बराच वरच्या बाजूला धरायचा. हुकला तरी चेंडू होलच्या वरच्या अंगाने जाऊन जवळच थांबायचा, पुढचा फटका सोपा व्हायचा.

"काकू, वरून गेलेला चेंडू निदान आत पडायचा चान्स तरी असतो," तो एकदा म्हणाला. "खालून गेलेला गेलाच."

भूमितीच्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही.

दिवाळीनंतर केव्हातरी सगळ्यांचंच पटिंग बिघडलं. चेअरमनांनी नवा, महागडा पटर, म्हणजे पटिंगची काठी, आणला. एक निवृत्त बँकवाले डोळे तपासून आले. कोणी मान आखडली म्हणत होतं, कोणी हात कापतो म्हणत होतं. मला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मग एका संध्याकाळी त्या गोल्फरने एकाच जागेवरून ओळीने चेंडू मारले आणि ते सगळेच्या सगळे हुकले. तो वाकला आणि कितीतरी वेळ त्या चेंडूंकडे बघत राहिला. होलच्या पलीकडे ते एकमेकांना खेटून पडले होते.

"काकू, हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "माझा हात चुकला असता ना, तर एवढा सारखा नसता चुकला. चेंडू भिंतीकडे वळतच नाहीये. कालपण चेक केलेलं मी. मधे जातोय."

हौशी माणसाचा हात दर वेळी वेगळा चालतो, म्हणून चेंडू कुठेही गेला की तो स्वतःलाच दोष देतो. याचा हात ठरलेला. तेव्हा बदलली होती ती जमीन. आणि तिथे जमीन कुठली? होता तो पाळणाघरावरचा स्लॅब, आणि तो मधे खचत होता. मी बाकावरून उठले तेव्हा खालून मुलांच्या गाण्याचा आवाज येत होता.

चेअरमन म्हणाले, "मॅडम, गवताचा गालिचा फुगला असेल. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ." असल्या गुळगुळीत उत्तरांची मला मनापासून चीड आहे. नातीला मी घरी ठेवू शकले असते, पण मग बाकीच्या मुलांचं काय? पाळणाघराचा दरवाजा हल्ली वरच्या चौकटीला घासतो, हे मी स्वतः बघितलं होतं. मी सांगून टाकलं, उद्या इंजिनीअर आला नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवते. फ्लॅटचे भाव पडतील या धास्तीने इंजिनीअर दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

पाळणाघराची खोली आधीच रिकामी केलेली होती. शिडीवर चढून त्याने स्लॅबखाली लावलेला, फुलपाखरं रंगवलेला एक पत्रा काढला आणि आत टॉर्च मारला. मी, चेअरमन आणि तो गोल्फर खाली उभे होतो. टॉर्चचा झोत इंजिनीअरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मग एकेक पायरी जपून उतरला.

"वर आत्ता कोणी आहे का?"

"मुलं आहेत," चेअरमन म्हणाले. "खोली रिकामी करायची होती ना, म्हणून ग्रीनवर खेळायला पाठवलीत."



"हळू उतरवा," इंजिनीअर आवाज न चढवता म्हणाला. "एकेकाला. उड्या नकोत, पळापळ अजिबात नको."

गोल्फर लिफ्टकडे वळला. मी जिन्यानेच निघाले, गुडघ्यांची पर्वा न करता. वर पोचले तर पाळणाघराच्या ताई टाळ्या वाजवत होत्या आणि मुलं गोल करून बसली होती. बसली होती, देवाची कृपा. तेवढ्यात नातीने मला पाहिलं. "आज्जी!" करून ती उठली आणि ग्रीनच्या मधून धावत सुटली.

"थांब!" मी ओरडले. "तिथेच थांब!"

तिच्यावर मी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ती मधोमध थांबली. ओठ बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिली. आणि मग रागाने लालबुंद होऊन दोन्ही पाय जोरजोरात आपटायला लागली.