पोचतंय का, सावकार?

मीटरअण्णांनी उद्यमनगराच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाच्या लेथवरचा माणूस मान वर करायचा. चहा सांगायचा असो की कुणाला शिव्या घालायच्या असोत, आवाजाची पट्टी तीच. गळ्यात कायम करंट तपासायच्या मीटरच्या तांबड्या-काळ्या वायरी अडकवलेल्या, म्हणून मीटरअण्णा. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, दवाखान्याच्या कागदावर.

माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून होतं, म्हणून मी त्यांचा सावकार. धंदा बुडवायला असा एक शेजारी पुरे. नव्वदच्या दशकात अण्णा ट्रॅक्टरची आणि जुन्या गाड्यांची वायरिंग करायचे. पुढं सेन्सरच्या गाड्या आल्या. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की बाकीचे मिस्त्री सरळ माझ्याकडून नवा सेन्सर न्यायचे. तेवढ्यानंही दिवा विझला नाही, तर काहीजण गुपचूप दिव्याचा बल्बच काढून टाकायचे. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश, मीही खूश. अण्णांचं मात्र या बल्ब काढण्यानं डोकं फिरायचं. "दिवा काढला की दुखणं जातंय व्हय?" असं म्हणून ते तो बल्ब पहिल्यांदा जागेवर बसवायचे आणि मगच बॉनेट उघडायचे.

एकदा शिरोळच्या एका मास्तरांची गाडी आली. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली. आता चढाला लागली की आचके देत बंद पडायची. तपासणीच्या मशीनवर एकच तक्रार येत होती, सेन्सरचा सिग्नल कमी आहे. दुसरीकडे दोन सेन्सर बदलून झाले होते. तिसरा मी काउंटरवर काढूनच ठेवला होता. तेवढ्यात अण्णांची हाक आली.

त्यांची एक पद्धत होती. मी मीटर घेऊन आत स्टेअरिंगखाली, गाडीच्या कॉम्प्युटरपाशी अंग मुडपून बसायचं. ते बाहेर बॉनेटमध्ये, सेन्सरपासून एकेक सांधा हलवत यायचे आणि प्रत्येक सांध्याला ओरडायचे, "पोचतंय का, सावकार?" त्या दिवशी मी नुसती मान हलवली.

"मान हलीवलेली मला हितनं दिसतीया व्हय?" बॉनेटच्या आडून आवाज आला. "तोंडानं सांगा की."

मग मी तोंडानं सांगत गेलो. सेन्सरपाशी सिग्नल भरपूर होता, माझ्या टोकाला निम्मासुद्धा येत नव्हता. शेवटी टेपच्या आत झाकलेला एक सांधा सापडला, कळकलेल्या पितळी भांड्यासारखा हिरवा पडलेला. अण्णांनी तो खरवडला, सोल्डर मारला, आणि मी आतून ओरडलो की आता पोचतंय.

"सेन्सर बोलतोय की," ते मास्तरांना म्हणाले. "वाटंत आवाज मरतोय, आन् ही मानसं सेन्सरच काढून टाकत्यात." मी दुकानात जाऊन काउंटरवरचा सेन्सर परत खोक्यात घातला.

त्यानंतर काही वर्षांनी अण्णांचाच आवाज बसला. तंबाखूची चिमूट गालात पहिल्यापासून होतीच. आधी खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, मग दुखणं दबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. एका दुपारी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दुकानात येऊन रडल्या. घास उतरत नाही, पण मोठ्या डॉक्टरांचं नाव काढलं की उठून जातात, म्हणाल्या. अण्णांचं उत्तर ठरलेलं. दारात गाड्या उभ्या आहेत, तेवढ्या सुटू देत.

मी तसाच गॅरेजमध्ये गेलो. ते पाण्याबरोबर गोळी घेत होते.

"अण्णा, बल्ब काढून गाडी पळवायला लागलाय तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी हातातली गोळी परत पाकिटात टाकली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून मिरजेला जायला निघाले. तिथं डॉक्टरांनी आवाजाची पेटी काढली, पण दुखणं तिच्या पलीकडं गेलं होतं. लोकांच्या गाडीतला सांधा न् सांधा तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा गळा तेवढा तपासला नाही, याचा मला आजही राग येतो. भांडायला ते नाहीत, म्हणून जास्तच येतो.

शेवटचा भेटायला गेलो तेव्हा वायरी असायच्या त्या गळ्याभोवती पांढरी पट्टी होती. मी कॉटजवळ बसून गॅरेजच्या, गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होतो. अण्णांचे ओठ हलले. मला कळेना. मी वाकलो, तेव्हा पुन्हा हलले, आणि ओळखीचे ते शब्द मला दिसले. पोचतंय का, सावकार?

मी मान हलवली. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. महत्प्रयासानं हात उचलून त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"पोचतंय, अण्णा," मी स्टेअरिंगखालून ओरडायचो तसा ओरडलो. "पोचतंय."

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. अण्णांच्या कपाळावरची आठी गेली, आणि त्यांनी हात खाली ठेवला.