बायबलबाईंच्या करंज्या

आमच्या बायबलबाईंना राग आला की त्या गाणं म्हणत. घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. त्यामुळे शिव्या द्यायची सोय नव्हती. दुधात पाणी आढळलं तर एखादं कडवं पुरे. पारनेरहून येताना कंडक्टरने आमच्या फाट्यावर एस.टी. थांबवली नाही, तेव्हा मात्र त्यांनी उभ्या राहून अख्खं गीत असं काही म्हटलं, की ड्रायव्हरनेच ब्रेक मारला. मी त्यांची शेजारीण. आज कोणाची शंभरी भरली, हे मला आवाजावरून कळायचं.

“देह म्हंजी घरी आलेला पाव्हना,” त्या आम्हा बायकांना सांगत. “त्याला जेवू घाला, आंघोळीला पानी द्या, पर किल्ल्या देऊ नगा. घर आत्म्याचं हाय.” त्यांच्या पाहुण्याला मटणाचा रस्सा फार आवडे. दुसरी वाटी पुढे करताना त्या म्हणत, “असू द्या, पाव्हनाच हाय.”

एका नाताळात मात्र पाहुण्याने किल्ल्या पळवल्या. फराळाला जमलेल्या बायकांसमोर त्यांची धाकटी जाऊ शांताबाई बोलून गेली, “जाऊबाईंच्या करंज्या फोडायला वरवंटा आना गं कुनी!” आम्ही सगळ्या खो-खो हसलो. बाईंनी गाणंसुद्धा म्हटलं नाही. उठल्या आणि चालू लागल्या. त्या दिवसापासून दोघींचा अबोला.

दर महिन्याला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन असे; येशूच्या आठवणीची भाकर ताटातून ओळीओळीने फिरे. ताट आलं की बाई खाली मान घालून ते माझ्याकडे सरकवत. मनात अढी ठेवून ती भाकर घ्यायची नाही, हे आम्हाला त्यांनीच तर शिकवलेलं! देवळाचे पाळकसाहेब समजूत घालायला गेले. “मी कवाच माफ केलंय, साहेब,” बाई म्हणाल्या, “पर देह आयकत न्हाई.” आणि पदर डोळ्यांना लावला. ज्या बाईने गावाला त्या भाकरीची ओढ लावली, तीच भाकरीवाचून घरी परतायची. बघवत नसे हो!

पुढे शांताबाई मुलाकडे पुण्याला कायमची जायला निघाली. तिच्या इथल्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ताट आमच्या ओळीकडे येऊ लागलं, तशा बाई उठल्या आणि भर उपासनेत जावेसमोर जाऊन बसल्या.

“शांते, तुझं बोलनं मला अजून झोंबतंय. देहाला इचारलं तर तो न्हाईच म्हनंल. म्हनून त्याला न इचारता आले.”

शांताबाईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती ढसाढसा रडायला लागली. “माझंच चुकलं, जाऊबाई. चारचौघीत बोलायला नको हुतं,” ती म्हणाली. मग नाक पुसून, “पर करंज्या खरंच लई कडक हुत्या वो!”

पाळकसाहेबांनी डोळे गच्च मिटले. मी म्हटलं, झालं, संपलं सगळं!

बाई म्हणाल्या, “व्हय. हुत्या,” आणि भाकरीसाठी हात पुढे केला.