कुमुदताईंची राहिलेली चाल

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दत्तोपंतांनी एकाच लॅपटॉपवर दोन संसार थाटले. एक विंडोज, पेन्शनच्या आणि विजेच्या बिलाच्या कामाला. दुसरं लिनक्स, विंडोजऐवजी चालणारं, स्वतःच शिकून घातलेलं, निव्वळ हौशीपोटी. चालू करताना पडद्यावर दोन्ही नावं यायची, त्यातलं एक निवडायचं. "एका घरात दोन सासवा कशाले पायजेत?" असं कुमुदताई म्हणायच्या खऱ्या, पण दुपारी लिनक्सवर बुद्धिबळाचा पट उघडला की भांडी तशीच टाकून आधी त्याच येऊन बसायच्या.

त्या लिनक्सला एक खोड होती. झाकण लावलं की लॅपटॉप झोपायचा, आणि पुन्हा उघडलं तरी पडदा काळाच राहायचा. आत सगळं चालू, फक्त दिसत काही नाही. मग दत्तोपंत दोनतीन बटणं एकदम दाबायचे, पुन्हा दुसरी दाबायचे, की पट जसाच्या तसा समोर. कोणती बटणं, हे कुमुदताईंनी कधी पाहिलं नाही. माणूस शेजारीच बसलेला असताना पाहायचं तरी कशाला?

थंडीतल्या एका दुपारी डाव ऐन रंगात आला होता. "वजीर चालला तुझा," दत्तोपंत हसून म्हणाले. "जेवून घेऊ, मंग विचार करून चाल." त्यांनी झाकण लावलं. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरवीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं. जो तो लॅपटॉपची पिन काढून आपला मोबाइल लावायचा, आणि कुमुदताई कोणाचं लक्ष नसताना ती परत लावून यायच्या. बॅटरी संपली तर डाव जाईल एवढं त्यांना ठाऊक होतं. लोक समोर बसून रडायचे, ह्याही रडायच्या, आणि रडता रडता घोडा मागे घेतला तर वजीर वाचतो हे त्यांना सुचलं. बाकीचा पट मात्र आठवेना. तो एकदा बघायचा आणि ती चाल खेळायची, याखेरीज त्यांना काही नको होतं.

पण सांगणार कोणाला? नवरा जाऊन महिना झाला नाही आणि हिला खेळ सुचतो, असं ब्राह्मणपाऱ्यातली, त्यांच्या मोहल्ल्यातली कोणीही बाई म्हटली असती, आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. एकटं पडल्यावर त्यांनी झाकण उघडून पाहिलं. पडदा काळा. भीत भीत चार बटणं दाबली, काही होईना. शेवटी त्यांनी शंकर नगरातल्या दुरुस्तीवाल्या उदयला फोन केला. त्या हिंदी मुलखात मराठी घरचा, भला पोरगा.

"डिस्प्ले येऊन नाही राहिला बाबू," एवढंच त्या म्हणाल्या. डावाचं ओठांवर आलं होतं, पण लाज वाटली. त्या चहा ठेवायला आत गेल्या.

उदयने काळा पडदा पाहिला आणि पॉवरचं बटण दाबून धरलं. रोज दहा लॅपटॉपांना तो तेच करतो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? चहा घेऊन कुमुदताई आल्या तेव्हा पडद्यावर ती दोन नावं होती. चहा बशीत सांडला.

"काकू, पडदा चालवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना होता, नवा टाकला," उदय काम उरकून म्हणाला. त्याने झाकण लावलं, उघडलं; पडदा लख्ख. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. "अब कभी प्रॉब्लेम नहीं आएगा."

"आत एक डाव उघडा होता रे."

"बंद करून चालू केलं न काकू. सेव्ह नसन केला, त गेला." त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "कोणाचा होता?"

"आमचा."

उदय पुन्हा लॅपटॉपकडे वळला. त्याने फाइली धुंडाळल्या, बराच वेळ, काहीच सापडलं नाही. मग तोच खेळ उघडून त्याने नवा पट मांडला. सगळी प्यादी आपापल्या जागी, सगळे घोडे, दोन्ही वजीर शाबूत. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"काकू, खेळा न. चाला तुम्ही."

कुमुदताईंनी पदराने डोळे पुसले.

"मी कशी चालू बाबू? माझे काळे असतेत," त्या म्हणाल्या. "पहिली चाल त्यांची राहाते."