मल्हारी कोळपेची साक्ष

मल्हारी कोळपेच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत, अंगठा आणि करंगळी. मधली तीन रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस मशीनखाली गेली, त्याला आता सात वर्षं झाली. दोन बोटांनी माणूस भाकरी मोडू शकतो, विळा धरू शकतो, बायकोवर हात उगारायचा म्हटलं तर तोही उगारू शकतो. हेल्मेटचा पट्टा मात्र लावता येत नाही. कंपनीच्या गेटवर तर नियमच आहे, पट्टा लावलेला नसेल तर मागं बसणाऱ्यालाच काय, चालत येणाऱ्या कामगारालाही कामावर सोडायचं नाही. म्हणून रोज सकाळी इनामगावच्या स्टँडवर इनुस मुलाणी मोटरसायकल उभी करायचा, खाली उतरायचा आणि मल्हारीच्या हनुवटीखाली पट्टा खट्कन लावायचा.

"मान वर कर, बैला," म्हणायचा. मल्हारी मान वर करायचा आणि दोघं निघायचे.

दोघं एकाच वयाचे, एकाच मास्तरचा मार खाल्लेले आणि एकाच दिवशी कंपनीत लागलेले. मल्हारीच्या बापानं मेंढरं विकून घोड नदीच्या काठी ऊस लावला, इनुसचा बाप गावचा मुलाणी. इनुस दारूला शिवायचा नाही, म्हणून तो चढत चढत लाइनचा सुपरवायझर झाला. मल्हारी शिवायचा, म्हणून तो प्रेसवरच राहिला. त्याबद्दल मल्हारीला कधी वाईट वाटलं नाही असं नाही, पण इनुस सुपरवायझर असला की आपल्याला उशीर झालेला चालतो, हेही त्याला कळत होतं.

बोटं गेली त्या दिवशी मल्हारी सकाळीच पिऊन आला होता. प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन थांबतं. त्यानं काम रेंगाळतं, म्हणून मल्हारीनं त्यावर काळी टेप चिकटवली होती. मग हात आत गेला आणि मशीन थांबलं नाही.

शिरूरच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या त्यानं पहिलं काम काय केलं, तर पलंगावरून खाली घसरून डाव्या हातानं इनुसचे पाय धरले. "रिपोर्टात दारूचं नाव काढू नगं, इनुस. टेपचंबी नगं. मला हाकलून देत्याल. पोरगी बारकी हाय रं, अंकिता."

इनुस नाही म्हणाला. रजेच्या अर्जावर 'आजारी' लिहायच्या ऐवजी 'शेतात पाणी सोडायचे आहे' लिहिणारा तो माणूस. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मल्हारीनं पायावर डोकं आपटलं तेव्हा त्यानं कागद घेतला आणि लिहून दिलं, की सेन्सर आधीपासून बिघडलेला होता आणि कामगार पूर्ण शुद्धीत होता. खाली सही केली. त्या सहीवर मल्हारीला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं, तेही पर्मनंट.

पुढं मल्हारीची दारू सुटली असती तर गोष्ट इथंच संपली असती. ती आणखी वाढली. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्याला रक्ताची उलटी झाली. गाडी मिळेना, म्हणून इनुसनं मल्हारीच्या बायकोच्या, गिताबाईच्या, लुगड्यानं त्याला स्वतःच्या पाठीला बांधलं आणि मोटरसायकलवर थेट दौंडच्या दवाखान्यात नेलं. नऊ दिवस तो मल्हारीच्या कॉटखाली झोपला.

तिथंच वच्छलाबाई भेटल्या. रेल्वेच्या दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेली दौंडची ख्रिस्ती म्हातारी, सत्तरीची. दर गुरुवारी चहाचा थर्मास घेऊन वॉर्डात फिरायच्या. ज्याला हवं त्याच्यासाठी प्रार्थना करायच्या, ज्याला नको त्याला नुसता चहा द्यायच्या. मल्हारीला दोन्ही हवं होतं. प्रार्थना चालू असताना तो लहान पोरासारखा रडला, आणि त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. हे खरं आहे, त्यात एका शब्दाचीही भर नाही. गिताबाईनं बारा वर्षं नवस करून जे झालं नव्हतं ते झालं. घरात दोन वेळा चूल पेटू लागली, अंकिताची वह्या-पुस्तकं आली. भावकीनं मात्र त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. बिरोबाच्या जत्रेला बोलावणं येईना, चुलतभाऊ रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचा. गावात मल्हारीला चहा द्यायचं एकच घर उरलं, इनुसचं.

दर रविवारी इनुसच त्याला दौंडला सोडायचा. रेल्वे रुळाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना चालायची. मल्हारी आत जायचा, इनुस समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा. "तुझं होऊ दे निवांत," म्हणायचा. दोन-दोन तास बसायचा, कधी कुरकुर केली नाही.

त्या मंडळीची एक रीत होती. बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची. आपण कसे होतो, काय पाप केलं, प्रभूनं कसं उचललं, ते सगळं उघडं करायचं. पास्टर चांगला माणूस, पण त्याला साक्षींची फार हौस. मोबाइल स्टँडवर लावून सगळं लाइव्ह दाखवायचा. मल्हारीनं दोन वर्षांत बऱ्याच साक्षी ऐकल्या होत्या आणि त्याच्या ध्यानात आलं होतं, की पाप जेवढं मोठं तेवढ्या टाळ्या जास्त. एकानं भावाची कडब्याची गंज पेटवल्याचं सांगितलं तेव्हा शेड दणाणलं होतं. दारूवाले तर रांगेनं होते. दारूला आता कुणी मान वर करूनसुद्धा बघत नव्हतं. मल्हारी आठवडाभर विचार करत होता, की आपल्याजवळ सांगण्यासारखं काय आहे.

साक्षीच्या रविवारी त्यानं इनुसला आग्रह करकरून आत नेलं. "माझा दिवस हाय आज. टपरीवर काय बसतो?" इनुसनं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो मागं चपलांजवळ मांडी घालून बसला, मित्राच्या पोराच्या शाळेतला कार्यक्रम बघायला आल्यासारखा.

मल्हारीनं दारूपासून सुरुवात केली. चार-दोन टाळ्या पडल्या. मग त्यानं उजवा हात वर केला, दोन बोटांचा. आता माना वर झाल्या. त्यानं टेप सांगितली. दारू पिऊन मशीनवर उभा राहिल्याचं सांगितलं. "आन् मी वाचलो खोट्यावर! माझा सुपरवायझर, इनुस मुलाणी, ह्यानं कंपनीला खोटा रिपोर्ट लिहून दिला. त्यो बगा, त्यो मागं बसलाय. सात वर्षं मी त्या खोट्यावर पगार खातोय. आज मी खोटं सोडलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हालेलुया झालं. सगळ्यांनी माना वळवून इनुसकडं बघितलं, आणि पास्टरनं मोबाइलचं तोंडही तिकडं फिरवलं. पाय धरल्याचं मल्हारीनं सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही, पण टाळ्या इतक्या वाजत होत्या की ते सांगायला जागाच राहिली नाही.

इनुसनं त्याला परत गावी आणलं. स्टँडवर पट्टा सोडताना एवढंच म्हणाला, "माझं नाव घ्यायचं काय नडलं हुतं रं?"

"खरं सांगायचं म्हंजी सगळंच सांगावं लागतं," मल्हारी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत अजून शेडमधला उजेड होता.

बुधवारपर्यंत तो व्हिडिओ कंपनीत पोचला. इनुसच्याच लाइनवरच्या शंभूनं तो ग्रुपवर टाकला, हसरं तोंड लावून. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तर पुढचा नंबर शंभूचा होता. गुरुवारी एचआरनं दोघांना नोटीस दिली. शुक्रवारी चौकशी, आणि खोटा रिपोर्ट सिद्ध झाला तर इनुसला कामावरून काढणार. सोळा वर्षांची नोकरी, वय पंचेचाळीस, त्यावर खोटेपणाचा शिक्का. अख्ख्या रांजणगावात त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. त्याच्या मुलीचं, सबाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं.

गुरुवारी संध्याकाळी वच्छलाबाईंचा फोन आला. त्यांनी व्हिडिओ उशिरा बघितला होता.

"आपलं पाप आपल्या नावानं सांगावं, मल्हारी. दुसऱ्याचं नाव तुला कुणी मागितलं होतं?" "आता घेतलंयस ना, मग पुरतं घे. उद्या साहेबाला सांग, मी त्याचे पाय धरले होते, त्याला नको, मला काढा. ही तुझी साक्ष. रविवारी झाली ती नाही."

"व्हय मावशी," मल्हारी म्हणाला.

गिताबाई चुलीजवळ बसून ऐकत होती. "जावा आन् सांगा," ती म्हणाली. "नोकरी गेली तर मी ऊसतोडीला जाईन. पाटसच्या कारखान्यावर माझी भन हाय."

"सांगणार हाय की," मल्हारी म्हणाला, आणि खरोखरच तो त्या वेळी सांगणार होता.

शुक्रवारी एचआरच्या केबिनमध्ये एसी फार थंड होता. इनुस समोर बसला होता, हात मांडीवर ठेवून. साहेबानं व्हिडिओ लावला. इनुसनं मान खाली घातली.

"हे खरं आहे?"

"खरं हाय, साहेब," मल्हारी म्हणाला, चांगलं मोठ्यानं.

साहेब पेन खाली ठेवून थोडा पुढं वाकला. वाईट माणूस नव्हता तो. "मल्हारी, नीट ऐक. इनुसनं हे आपल्या मनानं लिहिलं, का कुणी गळ घातली? गळ घातली असेल तर त्याला मेमो देऊन सोडता येईल. मग मात्र विषय तुझ्यावर येईल."

मल्हारीनं इनुसकडं बघितलं. इनुसही त्याच्याकडं बघत होता. रागानं नाही, रोज सकाळी स्टँडवर बघायचा तसाच. मल्हारीला स्टोअरमधली आपली खुर्ची दिसली, टेबलफॅन दिसला, अंकिताच्या बारावीचा क्लास दिसला. रविवारी बाप्तिस्म्याला घालायचा पांढरा शर्ट दिसला.

"मी तवा गुंगीत हुतो, साहेब. मला ठावं न्हाई."

गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं हे खरंच होतं, आणि त्या तेवढ्या खऱ्याला धरून तो खुर्चीत बसून राहिला. ज्या माणसाला मित्राला वाचवण्यासाठी गप्प राहणं पाप वाटलं होतं, त्याला स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलणं जमलं. थूः असल्या खरेपणावर.

साहेबानं इनुसला विचारलं. "सही माझी हाय, साहेब," तो म्हणाला. "बाकी काय सांगायचं न्हाई."

मल्हारीनं स्वतःहून कबुली दिली म्हणून त्याला ताकीद मिळाली. इनुसला काढलं. साहेब म्हणाला, "सोमवारी येऊन कार्ड जमा कर. तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर दार उघडं आहे." हे म्हणताना तो मल्हारीकडंच बघत होता.

घरी गिताबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखलं. तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हणाली, "दारू पीत हुता तवाच बरं हुतं. तवा निदान मित्राला धरून हुता." आणि ती अंकिताच्या खोलीत झोपायला गेली.

रविवारी भीमेच्या पाण्यात मल्हारीचा बाप्तिस्मा झाला. पाणी कमरेएवढं होतं. गाणी झाली, फोटो झाले, पास्टरनं त्याला मिठी मारली. वच्छलाबाई काठावर उभ्या होत्या. तो बाहेर आला तेव्हा त्यांनी टॉवेल पुढं केला आणि विचारलं, "सांगितलंस?" मल्हारीनं टॉवेलात तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला. वच्छलाबाई वळल्या. थर्मास उचलून स्टेशनच्या रस्त्यानं चालू लागल्या.

सोमवारी मल्हारी शंभूच्या गाडीवर बसून कामाला गेला. शंभूनं पट्ट्याकडं बघितलंही नाही. गेटवर वॉचमननं काठी आडवी केली. "पट्टा, भैया." शंभू म्हणाला, "तू ये मागनं, माझं पंचिंग हाय," आणि त्याला उतरवून आत गेला. मल्हारी बाजूला उभा राहून पट्ट्याशी झटू लागला. अंगठ्यानं एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. शिफ्टची माणसं शेजारून जात होती, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता, आणि थांबलं कुणीच नाही. पहिला भोंगा वाजला.

तेवढ्यात इनुस आला. हातात कार्ड होतं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले दोन युनिफॉर्म. मल्हारीसमोर येऊन तो थांबला. पिशवी त्यानं दोन पायांत धरली.

"मान वर कर," म्हणाला.

मल्हारीनं मान वर केली. पट्टा खट्कन लागला. इनुसनं पिशवी उचलली आणि एचआरच्या दाराकडं वळला. ते दार गेटपासून वीस-पंचवीस पावलांवर होतं, आणि उघडं होतं. मल्हारी दुसऱ्या बाजूनं स्टोअरमध्ये गेला, फॅन लावला आणि वॉशरचे डबे पुसत बसला. खिडकीतून इनुस परत जाताना दिसला. हातात काही नव्हतं.

पुढच्या रविवारी मल्हारी एसटीनं दौंडला गेला. पास्टरनं विचारलं, आठवड्यात प्रभूनं कुणासाठी काय केलं? मल्हारी उठला. तो रडत होता, आणि ते रडू खोटं नव्हतं.

"मी गेटवर एकटा हुतो," तो म्हणाला. "मला पट्टा लागंना. सगळे निघून गेले. तवा प्रभूनं माझ्यासाठी एक माणूस पाठवला."

शेडभर टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडून विचारलं, "कोण हो, भाऊ?"

वच्छलाबाई पहिल्या रांगेतून वळून त्याच्याकडं बघत होत्या. दुसऱ्याचं नाव कुणी मागितलं होतं, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या सांगण्यातलं तेवढं एक मल्हारीनं पाळलं. त्यानं नाव घेतलं नाही.