मेणबत्तीची जागा

प्रश्न विचारायची मला खोड आहे. शाळेत तीस वर्षं मुलांना भंडावलं, निवृत्त झाल्यावर घरात वडिलांशिवाय कोणी सापडेना, म्हणून त्यांना भंडावते. पण दोन वर्षांमागे भातकापणी उरकल्यावर उलटंच झालं. पप्पांनीच मला एक प्रश्न दिला आणि उत्तर आणायला रानात धाडलं.

आम्ही आरोंद्याचे, खाडीकाठचे ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये मिसा, संध्याकाळी जपमाळ, सगळं रीतसर. पण आमचं मूळ घर सह्याद्रीच्या पायथ्याशी, एका रानातल्या गावात होतं. धर्म बदलून पूर्वज खाडीकडे आले, तरी तिथल्या देवराईतल्या देवाला आमच्याकडून वर्षातून एकदा नारळ जात राहिला. शेवटचा नारळ पप्पाच घेऊन गेले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्यानंतर नोकरी आली, मग गुडघे आले आणि शेवटी लाज आली. इतकी वर्षं गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने जायचं?

“थंय गाऱ्हाणा घालतत, तेव्हा देवाक एकेक घर सांगतत,” पप्पा म्हणाले. “आमचा घर अजून सांगतत काय, तितक्या आयकान ये.”

“आणि नाय सांगल्यानी तर?”

“तर तसा येवन सांग. माका बरा वाटाचा म्हणान खोटा बोलू नको.”

नव्वदीला टेकलेला माणूस. त्या रानाने आपल्याला वगळलं की नाही, एवढं त्यांना डोळे मिटायच्या आत कळायला हवं होतं. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. त्यांनी पिशवीत नारळ घातला, केळ्यांची फणी घातली आणि वर एक मेणबत्ती ठेवली.

“देवराईत मेणबत्ती?”

“आमचो रिवाज तसोच.”

सावंतवाडीला एसटी बदलली. पायथ्याच्या मोठ्या देवळाशी मुंबईच्या गाड्या, प्रसादाची दुकानं आणि फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. वरच्या देवराईची वाट मात्र कोणाला ठाऊक नव्हती. एका चहावाल्याने हात वर केला आणि सांगितलं, कातकऱ्यांच्या वाडीत विचारा.

वाडी चार-पाच घरांची. अंगणात हिरडे वाळत घातलेले. माझ्याच वयाची एक बाई कमरेला कोयता लावून बाहेर आली. देवराईतलं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं, तीच घालते म्हणाली. रानात पहिले कातकरी आले, म्हणून पहिलं गाऱ्हाणं त्यांच्या घराचं, असं सगळा गाव मानतो. आधी तिचे वडील घालायचे. भाऊ कामाला घाटावर गेले आणि ते शब्द पाठ राहिले एकट्या हिला.

“बाईमाणसाने घातलेलं गाऱ्हाणं चाललं गावाला?” मी विचारलंच.

“देवाक चल्ला. मगे गावाक चलवन घेवचा लागला.”

मी कोण ते तिला सांगितलं नाही. परीक्षेत उत्तर आधी फोडायचं नसतं. ‘वेंगुर्ल्याकडची आहे, देव बघायला आले,’ एवढंच म्हटलं आणि मेणबत्ती पिशवीच्या तळाशी सारली.

वाट चढणीची होती. हे झाड कसलं, तो आवाज कोणाचा, खिंडीतल्या दगडावर येणारा-जाणारा डहाळी का ठेवतो, माझी सरबत्ती चालूच. ती निम्म्याची उत्तरं द्यायची आणि निम्म्याला हसायची. देवराईच्या कडेला आम्ही चपला काढल्या. आत गेल्यावर पायाखाली ओल लागली, भरदुपारी अंगावर काटा आला. सवयीने मी एक चपटी, तुकतुकीत बी उचलली. तिने माझं मनगट धरलं.

“हंयचा हंय,” ती म्हणाली. मी मुकाट्याने बी होती तिथे ठेवली.

देव म्हणजे एक उभा दगड, शेंदूर नाही की छप्पर नाही. मागे जांभ्याचा कातळ आणि त्यात वीतभर खोबण. बाकी सगळीकडे पाचोळा साचलेला, खोबण तेवढी लख्ख झाडलेली आणि रिकामी. त्या खोबणीबद्दल विचारणार होते, तेवढ्यात तिने नारळ मागून घेतला आणि गाऱ्हाण्याला उभी राहिली. “मी थांबलंय काय तुमी ‘व्हय म्हाराजा’ म्हणा,” तिने मला बजावलं.

तिचा आवाज एकदम बदलला. माणसाचं नाव ती एकही घेत नव्हती. आंब्यामुळातलं घर, व्हाळापलीकडचं घर, मळ्यातलं घर, अशी एकेक जागा सांगायची आणि प्रत्येक घरासाठी सुख मागायची. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते आणि बोटांवर घरं मोजत होते. अकरा घरं झाली. खाडीचं नाव नाही. पप्पांना हे कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागले. ती दम घ्यायला थांबली आणि पुन्हा बोलू लागली.

“आणि जां घर खाडयेक गेला, देव बदलान गेला, परत येवक नाय, तां खंय आसात थंय तेंका सुखी ठेव रे म्हाराजा.”

मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं विसरले. ती माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा म्हटलं.

“हे शेवटचं घर कोणाचं?” मग मी विचारलं.

“माका म्हायत नाय. बाबा सांगायचो, म्हणान मी सांगतंय. खपली असतली ती माणसा.”

मी पिशवीच्या तळातून मेणबत्ती काढली. तिने आधी मेणबत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी कातळातल्या खोबणीकडे बोट केलं.

“ती जागा मेणबत्तीची. बाबा झाडायचो, म्हणान मीय दरवर्षी झाडतंय. लावूक येयत असो कोण मी काय बघूक नाय.” तिने माझा दंड दाबून पाहिला, आंबा पिकला की नाही बघावं तसा. “म्हणजे जित्ती आसात तुमी.”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. वाऱ्याने काडी दोनदा विझली. तिसऱ्या वेळी तिने पदराचा आडोसा धरला.

घरी पोचले तेव्हा पप्पा व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून बसले होते. पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

“सांगल्यान?”

“सांगल्यान. सगळ्यात शेवटी.”

मी ते वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग खोबणीचं सांगितलं. कोण येणार ते माहीत नसताना कोणीतरी ती जागा झाडत राहिलं, हे ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले.

“परत येवक नाय, असा म्हणता ती?”

“व्हय.”

त्यांनी चष्मा लावला आणि आपल्या गुडघ्यांकडे रागाने पाहिलं.

“मगे तेवढा तिका बदलूचा लागतला,” ते म्हणाले. “एसटी खंयसर जाता?”