क्रूस कोणी घालायचा

चेन्नईबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण एकदा जेवताना म्हणाली, "मी तीन वर्षं टांझानियाला चाललेय. मिशनसाठी." आधी मला वाटलं, नवा प्रोजेक्ट असेल. मग वाटलं, ही नन होणार. तिने तेही खोडून काढलं. "आमच्यात नन-फादर नसलेली साधी माणसंही जातात गं. तिथल्या मिशनच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचे, मुलींना शिकवायचं. परत आले की लग्नबिग्न."

"आणि धर्मप्रचार?"

"माझ्या वागण्यातून झाला तर झाला."

या उत्तराने मी आणखीच गोंधळले. नुसती मदतच करायची तर इथे काय गरजू कमी आहेत? आणि प्रचार करायचा असेल, तर रोज देवापुढे दिवा लावणारी मी तिला कोणत्या तोंडाने शुभेच्छा देऊ? मला तिचा रागही आला. खरं सांगायचं तर चेन्नईत माझं दुसरं होतं कोण?

तिची अम्मा चेन्नईजवळच्या कोवलमला मासळी विकते. रोज पहाटे न चुकता चर्चला जाणारी बाई, तेव्हा हिला केवढा आनंद झाला असेल, अशा हिशोबाने मी पेढे घेऊन गेले. तिने बॉक्स उघडलासुद्धा नाही. मला समजेल अशा सावकाश तमिळमध्ये म्हणाली, "व्हिसा मिळू नये म्हणून मातेला नवस बोलले होते मी. दुसऱ्यांच्या मुली गेल्या तेव्हा टाळ्या वाजवल्या, पोरी. माझ्या घरात हीच एक आहे."

निरोपाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी अम्माशेजारी बसले होते. त्या चर्चची रीत अशी, की जाणाऱ्याच्या गळ्यात क्रूस आईने घालायचा. फादरनी तो अम्माच्या हातात दिला. मैत्रीण समोर मान वाकवून उभी. अम्मा जागची हलली नाही. अख्खं चर्च बघत होतं. मग तिने क्रूस माझ्या हातात कोंबला.

"नी पोडु." तू घाल.

मी? कपाळावर टिकली लावलेली मी? फादरकडे पाहिलं तर तेही गडबडलेले. मैत्रीण माझ्याकडे बघतच नव्हती, तिची नजर अम्मावर. शेवटी मी क्रूस तिच्या गळ्यात घातला. दोरा नेमका वेणीखाली अडकला आणि मला काही तो सुटेना.

तेवढ्यात अम्मा चुकचुकत उठली. मला बाजूला सारून तिने वेणी अलगद बाहेर काढली, छातीवरचा क्रूस सरळ केला आणि जागेवर जाऊन पदरात तोंड लपवलं. टाळ्या झाल्या.

बाहेर मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. "क्रूस सरळ केला, म्हणजे अम्माने जा म्हटलं ना? तू जवळ होतीस, तुला कळलं असेल."

मी हो म्हणाले. मला काहीच कळलं नव्हतं.